फ्लोरिडाचे पांढुरके उंदीर : पार्श्वभूमी

फ्लोरिडा आणि अलाबामाच्या समुद्रकाठी, वाळूच्या टेकड्यांत बिळं करून राहणारा एक लहानसा रानउंदीर आहे, पेरोमिस्कस पोलिओनोटस. आतल्या शेतांतले याच जातीचे उंदीर पाठीवर तपकिरी असतात, पुळणीवरचे जवळजवळ पांढरे. हा फरक कुठून आला याचा शोध मात्र सुरू झाला दूर कॅलिफोर्नियात.

प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्सिस सम्नर १९१३ मध्ये तिथल्या ला होया गावातल्या स्क्रिप्स या जीवशास्त्राच्या संस्थेत रुजू झाले. त्याआधी त्यांनी पांढरे उंदीर उबदार आणि थंड खोल्यांत वाढवून पाहिले होते. उबेत वाढलेल्यांची शेपटी जास्त लांब भरली. हवापाण्याचा असा परिणाम पुढच्या पिढ्यांतही उतरत असावा, असं त्यांना वाटे. ते तपासायला त्यांनी पेरोमिस्कसचीच दुसरी एक जात निवडली. दमट युरेकाचे गडद उंदीर आणि मोहावी वाळवंटातल्या व्हिक्टरव्हिलचे फिके उंदीर जिवंत पकडून ला होयाला आणले आणि तिथल्या एकाच हवेत पिढ्यान्‌पिढ्या पोसले. रंग हवेमुळे ठरत असता, तर दोन्ही कुळं हळूहळू सारखी दिसू लागली असती. तसं झालं नाही. गडद उंदरांना गडदच पिल्लं होत राहिली. फरक वंशातच होता. सम्नर यांनी आपलं जुनं मत सोडलं, आणि मला तरी या साऱ्या इतिहासातली हीच सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

१९२० च्या दशकात ते फ्लोरिडाकडे वळले. सांता रोसा बेटावरचे सर्वांत पांढरे, समोरच्या किनाऱ्यावरचे फिके आणि आतले गडद अशा तिन्ही पोटजातींचा त्यांनी संकर केला, किनाऱ्यापासून आत ठिकठिकाणी उंदीर पकडून त्यांच्या रंगाची मोजमापं घेतली. पांढरी वाळू संपते तिथेच रंग पालटत नव्हता; फिके उंदीर बरेच आतपर्यंत सापडत. पण १९२५ मध्ये स्क्रिप्स ही समुद्रविज्ञानाची संस्था झाली. तिथे उंदरांना जागा उरली नाही आणि सम्नर माशांच्या अभ्यासाकडे गेले. इतकं कसदार काम असं अर्ध्यावर थांबावं, याची हळहळ वाटते.

जनुकाचा पत्ता लागायला २००६ उजाडलं. जीवशास्त्रज्ञ होपी हूकस्ट्रा यांच्या गटाला मेक्सिकोच्या आखाताकडच्या किनाऱ्यावरील उंदरांत एमसी१आर या रंगाशी निगडित जनुकातला एक बदल सापडला. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात ६५ व्या जागचं एकच अमिनो आम्ल बदललेलं होतं. फिकेपणाचा काही वाटा त्याचा. बाकीचा इतर जनुकांचा. पुढे २०१० मध्ये त्याच गटाने मातीसारख्या प्लॅस्टिसिनचे गडद आणि फिके उंदीर करून किनाऱ्यावर आणि आतल्या भागात मांडले. जमिनीशी रंग न जुळणाऱ्यांवर शिकारी प्राण्यांच्या चोची-दातांच्या खुणा जास्त उमटल्या.

अटलांटिक किनाऱ्यावरचे उंदीरही तसेच पांढुरके, पण त्यांच्यात एमसी१आरचा हा बदल नाही. म्हणजे तोच रंग दोन किनाऱ्यांवर वेगळ्या वाटांनी आला. १९८५ मध्ये आखाताकडच्या अलाबामा, पर्डिडो की आणि चॉक्टवॅची इथल्या पोटजातींना संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं. किनाऱ्यावरची बांधकामं आणि वादळं यांनी त्यांच्या टेकड्या खाल्ल्या आहेत. एका किनाऱ्यावरचे उंदीर संपले, तर दुसऱ्या किनाऱ्यावरचे तितकेच पांढरे उंदीर आणून सोडल्याने ती जागा भरून निघणार नाही.