जस्ताचा पत्रा, यूव्ही ट्यूब आणि प्रकाशाचे कण

नऊ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब दर सेकंदाला ढोबळमानाने आठ अब्ज गुणिले एक अब्ज इतके फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, फेकतो. जस्ताच्या पत्र्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढणं मात्र त्याला जमत नाही. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातली यूव्ही ट्यूब तेच काम सहज करते. हा फरक शाळेच्या प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येतो, आणि प्रकाश ऊर्जेच्या सुट्या पुड्यांनी येतो हे पटवायला याहून थेट प्रयोग शोधून सापडणार नाही.

त्यासाठी लागतो सुवर्णपत्र विद्युतदर्शी, म्हणजे विद्युतभार आला की पातळ पट्ट्या फाकवून दाखवणारं साधन. नसला तर काचेच्या बरणीत तांब्याची तार सोडून तिच्या टोकाला अॅल्युमिनियम फॉइलच्या दोन अरुंद पट्ट्या लटकवा. तार झाकणातून जाते तिथे मेणबत्तीचं मेण भरा, म्हणजे विद्युतभार झाकणावाटे निसटणार नाही. वरच्या टोकाला तळहाताएवढा जस्ताचा पत्रा. हार्डवेअरच्या दुकानातला जीआय पत्राही चालतो, कारण त्यावर जस्ताचाच थर असतो. प्रयोगाच्या अगदी आधी तो बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा. ऑक्साइडचा थर राहिला तर इलेक्ट्रॉन अडतात. फार घासलंत तर जस्त जाऊन खालचं लोखंड उघडं पडतं.

आता प्लास्टिकचा पाइप लोकरीवर घासून पत्र्याच्या कडेवरून ओढत न्या. पाइपवरचा ऋण भार पत्र्यावर उतरतो आणि पट्ट्या फाकतात. बरेच प्रयोग इथेच फसतात: पाइप नुसता जवळ धरून पत्र्याला क्षणभर बोट लावलं की प्रवर्तनाने धन भार बसतो. पट्ट्या तशाच फाकतात, पण यूव्हीने त्या मिटत नाहीत, कारण सुटलेल्या इलेक्ट्रॉनला धनभारित पत्रा परत ओढून घेतो.

ट्यूब लावण्याआधी घड्याळ लावून पट्ट्या आपोआप किती वेळात मिटतात ते बघा. ठाण्यात आणि खाडीपलीकडे वाशी-नेरुळला पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की मेणावरच्या ओलीतूनच भार गळून जातो, आणि त्याचं श्रेय चुकून प्रकाशाला दिलं जातं. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी दुपार उत्तम. नाहीतर झाकण हेअर ड्रायरने वाळवा.

मग यूव्ही ट्यूब पत्र्यापासून 20-30 सेंटिमीटरवर धरून पेटवा. पट्ट्या आपोआप मिटत होत्या त्यापेक्षा कितीतरी वेगाने मिटतात. ट्यूब जवळ नेली की वेग वाढतो. मध्ये साध्या काचेचं तावदान घातलं की परिणाम जवळपास थांबतो, कारण ती काच ट्यूबचे 254 नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण शोषून घेते. हे किरण डोळे आणि त्वचा भाजतात, म्हणून ट्यूब एका बाजूने उघड्या खोक्यातच ठेवा, चष्मा आणि हातमोजे घाला, आणि हे काम शिक्षकांनीच करावं.

आता बल्ब आणा. पाच सेंटिमीटरवर धरा, एकाचे चार करा: पट्ट्यांवर काही फरक नाही. नोटा तपासायचा जांभळा दिवाही कुचकामी. हिशेब असा: 1240 ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की एका फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्ट या छोट्या एककात मिळते. बल्बमधल्या 450 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला 2.76, नोटांच्या 365 नॅनोमीटरच्या दिव्याला 3.4, यूव्ही ट्यूबला 4.88. जस्तातून इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी किमान ऊर्जा, म्हणजे वर्क फंक्शन, पाठ्यपुस्तकात 4.3 च्या आसपास दिलेली असते. पृष्ठभागाच्या अवस्थेनुसार ती बदलते. जमिनीवर पोचणारं ऊन 295-300 नॅनोमीटरपाशी संपतं, म्हणजे फार तर 4.2. त्यामुळे मे महिन्यातल्या उन्हाचाही इथे भरवसा नाही.

प्रकाश निव्वळ लाट असता तर मंद निळ्या उजेडातही ऊर्जा हळूहळू साठून इलेक्ट्रॉन कधीतरी सुटायला हवा होता. तसं घडत नाही. आइन्स्टाइनने 1905 मध्ये मांडलं की एक इलेक्ट्रॉन एकाच फोटॉनची ऊर्जा घेतो, तीही सगळीच्या सगळी. अपुऱ्या ऊर्जेच्या अब्जावधी फोटॉनांची बेरीज होत नाही. (अतितीव्र लेसरमध्ये एकाहून अधिक फोटॉन एकदम शोषले जातात, पण बल्बची तीव्रता त्याच्या जवळपासही नसते.) उरलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनचा वेग होते: इथे जास्तीत जास्त 4.88 वजा 4.3, म्हणजे 0.58 इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकनचा या कल्पनेवर विश्वास नव्हता. निर्वात नळीत धातूचा पृष्ठभाग ताजा खरवडून त्याने वर्षानुवर्षं मोजमापं केली, आणि 1916 मध्ये त्याचे आकडे आइन्स्टाइनच्याच समीकरणावर येऊन बसले. कॉलेजात फोटोसेलवर (उजेड पडला की प्रवाह देणाऱ्या नळीवर) होतो तो याच मोजमापाचा सोपा अवतार: रंगीत फिल्टर बदलायचे आणि प्रवाह शून्य करणारा उलटा व्होल्टेज, म्हणजे स्टॉपिंग पोटेन्शियल, नोंदवायचा. यात खोडी अशी की कॅथोडचा, म्हणजे ज्यातून इलेक्ट्रॉन सुटतात त्या पृष्ठभागाचा, थोडा लेप इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या अॅनोडवरही चढलेला असतो. अॅनोडवर उजेड पडला की तिथूनही इलेक्ट्रॉन सुटतात, उलटा प्रवाह वाहतो आणि शून्य लवकरच दिसतं. म्हणून खोली अंधारी ठेवा, झोत फक्त कॅथोडवर पाडा, आणि एकाच वाचनावरून प्लांकचा स्थिरांक, म्हणजे फोटॉनची ऊर्जा भागिले त्याची वारंवारता, काढू नका. चार-पाच फिल्टरांचा वारंवारतेविरुद्ध आलेख काढून रेषेचा उतार घ्या. दोन धातूंमधला संपर्क-विभव, म्हणजे वेगळे धातू जोडल्याने आपोआप येणारा व्होल्टेजचा फरक, सगळी रेषा सारखीच वर-खाली सरकवतो, उताराला धक्का लावत नाही. तो उतार, म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा भार, 4.14 × 10⁻¹⁵ व्होल्ट-सेकंदाच्या आसपास यायला हवा.