पाण्यावर तरंगणारे जंगल

अमेरिकेतल्या शिकाऱ्याचे सामान पाहिले, म्हणजे धनुष्य, बंदुकीचा दस्ता, झाडाला बांधायचा, जनावर समोरून गेले की आपोआप फोटो घेणारा ट्रेल कॅमेरा, तर त्यावर ओकची पाने, वाळके गवत आणि सालीच्या भेगा फोटोसारख्या उमटलेल्या दिसतात. स्टिकर म्हणावा तर कुठे जोड नाही आणि कोपऱ्यावर सुरकुतीही नाही. ही नक्षी पाण्यातून चढवलेली असते. या पद्धतीला हायड्रो डिपिंग म्हणतात. दिवाळीत परातीतल्या पाण्यावर काढलेली रांगोळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातली निम्मी गोष्ट ठाऊकच आहे.

अशी हुबेहूब झाडोऱ्याची नक्षी 1980 च्या दशकात रुळली. 1986 मध्ये मिसिसिपीत टॉक्सी हास यांनी मॉसी ओक आणि जॉर्जियात बिल जॉर्डन यांनी रिअलट्री, अशा रानात लपवणाऱ्या नक्षीच्या दोन कंपन्या सुरू केल्या. आता नक्षीच्या फिल्मची गुंडाळी, रंगाचे डबे आणि एक मोठा टब घेऊन लोक गॅरेजमध्ये हे काम करतात. भारतात शिकारीला कायद्याने बंदी आहे, पण कॅमेरा ट्रॅपची, म्हणजे ट्रेल कॅमेऱ्याची, पेटी किंवा लेन्सचे हूड रंगवायलाही हीच रीत चालते.

फिल्म असते पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची, म्हणजे पीव्हीएची. हे प्लास्टिक पाण्यात विरघळते. त्याच्या एका बाजूवर शाईचा अगदी पातळ थर छापलेला असतो. ओल्या बोटांच्या चिमटीत कोपरा धरला, तर जी बाजू बोटाला चिकटते ती पीव्हीएची. ती पाण्याकडे आणि शाई वर. इथे उलटसुलट झाले तर पुढचे सगळे वाया. आणि फिल्म दमट हवेत उघडी ठेवायची नाही. कोकणातल्या पावसाळ्यात तर सिलिका जेलची पुडी टाकून बंद पिशवीतच ठेवावी, नाहीतर गुंडाळीचे पदर एकमेकांना चिकटतात.

उदाहरणाला ट्रेल कॅमेऱ्याची एबीएस प्लास्टिकची पेटी घेऊ. लेन्स, एलईडी आणि हालचाल टिपणाऱ्या सेन्सरची खिडकी टेपने झाकायची. सेन्सरच्या खिडकीवर रंगाचा एक हात जरी बसला, तरी प्राण्याच्या अंगाची उष्णता, म्हणजे अवरक्त किरण, आत पोचत नाहीत. मग कॅमेरा चालू असतो, फोटो मात्र निघत नाही. भोके आणि फटीही बंद करायच्या. मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायचे. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तिथे रंग फाकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. पॉलिप्रॉपिलिनच्या वस्तूला आधी प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर हवाच.

त्यावर खाकी किंवा वाळलेल्या गवताच्या रंगाचा मॅट बेस, दोन पातळ हात. बहुतेक फिल्ममध्ये सर्वांत उजळ भागात शाई नसतेच, तिथे खालचा बेसच दिसतो. काळ्या बेसवर नक्षी बुडून जाते, पांढऱ्यावर ती भडक होते.

टबातले पाणी पेटीच्या उंचीच्या दुप्पट खोल आणि 29 ते 32 अंश सेल्सिअस तापमानाचे असावे. हाताने अंदाज घेऊ नये, थर्मामीटर वापरावा. फिल्म वस्तूपेक्षा सगळीकडून 5 सेंटिमीटर मोठी कापून तिच्या कडांना टेप लावायची. पीव्हीए पाण्याहून जड असते, सुरुवातीला ते तरते पृष्ठताणावर. म्हणून एक कड आधी टेकवून बाकीची हळूहळू सोडायची. सपाट टाकली तर खाली हवेचे बुडबुडे अडकतात आणि नक्षीत भोके राहतात. खालची बाजू आधी पाणी पिऊन फुगते, त्यामुळे कडा वळू पाहतात. मिनिटभरात फिल्म सैल पडून सपाट होते. गार पाण्यात ती पुरती मऊ होत नाही, सुरकुत्या तशाच वस्तूवर उतरतात.

आता खरी घाई. शाई अजून कोरडीच आहे. तिच्यावर अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे द्रावकांचे मिश्रण, 30 सेंटिमीटरवरून एकसारखे फवारायचे. शाईतला बांधक, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा घटक, विरघळतो आणि 5 ते 10 सेकंदांत ती तेलासारखी चकाकू लागते. त्या क्षणी तिची अवस्था दुधावरच्या सायीसारखी असते: अखंड, पण टेकाल तिथे लपेटणारी. फवारा कमी पडला तर शाई तडकून तुकड्यांत बसते. जास्त झाला तर पाने विरघळून चिखल होतो. पेटी 30 ते 45 अंशांत तिरकी धरून, न थांबता, दहाएक सेकंदांत पूर्ण बुडवायची. पाण्याचा दाब शाईला चहूबाजूंनी दाबून बसवतो, म्हणून कोपऱ्यातही जोड दिसत नाही. वर काढण्याआधी पृष्ठभागावरचा उरलेला थर हाताने बाजूला सारायचा, नाहीतर येताना तोच अंगावर चढतो.

नंतर कोमट पाण्याच्या मंद धारेखाली बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवायचे. पीव्हीए राहिले तर वाळल्यावर पांढुरके डाग दिसतात आणि वरचा क्लिअर कोट, म्हणजे शेवटी मारायचा पारदर्शक थर, पापुद्र्यासारखा सुटतो. अ‍ॅक्टिव्हेटरची वाफ ज्वालाग्राही आणि फुप्फुसांना घातक. कापडी मास्क निरुपयोगी. सेंद्रिय वाफांसाठीच्या कार्ट्रिजचा मास्क, उघडी दारे, आणि आसपास गीझरची ज्योतही नको. हार्डनर मिसळायच्या क्लिअर कोटमध्ये आयसोसायनेट ही घातक रसायने असतात, ते घरी टाळलेलेच बरे.

एवढी मेहनत काही जण शेवटच्या पायरीवर वाया घालवतात. नक्षी उठून दिसते म्हणून चकचकीत क्लिअर कोट मारतात! हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या. एक निळ्याला, दुसरी हिरव्याच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील. केशरी त्याला वेगळा ओळखू येत नाही, म्हणून तर कोलोरॅडोत रायफलवाल्या शिकाऱ्याला इतरांना दिसावे यासाठी 500 चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी अंगावर घालावे लागते. बदकाकडे अशा शंकुपेशी चार प्रकारच्या, आणि ते पाहते उन्हात, वरून. दोघांनाही खटकते ती लकाकी. पान कितीही हुबेहूब असले तरी उन्हात चमकणारी कड जंगलात वेगळी पडतेच.

म्हणून क्लिअर कोट मॅटच. त्यात सिलिकाची बारीक भुकटी असते, ती पृष्ठभाग खडबडीत करून प्रकाश विखुरते. डबा दोन मिनिटे हलवला नाही तर ती तळाशीच राहते. जाड हात मारला तर ढगाळ पट्टे पडतात. दोन-तीन पातळ हात, मध्ये 15 मिनिटे. द्रावकाचा वास हरणाला कळतो, त्यामुळे पेटी रानात नेण्याआधी आठवडाभर मोकळ्या हवेत ठेवायची. मग संध्याकाळच्या तिरक्या उन्हात ती झाडाला बांधून दहा पावलांवरून मोबाइलने कृष्णधवल फोटो घ्यायचा. कुठली कड पांढरी दिसली, तर तिथे मॅटचा आणखी एक हात.