फ्री क्लिनिक म्हणजे नुसत्या फुकट गोळ्या? नाही हो

अमेरिकेतल्या फ्री क्लिनिकबद्दल वर्षानुवर्षं एकच ऐकतोय, की तिथं बीपी बघतात, गोळ्या देतात, विषय संपला. साफ चूक. १९६७ला सॅन फ्रान्सिस्कोत हाइट-ॲशबरी क्लिनिक निघालं तेच मुळी उपचार हा हक्क आहे असं म्हणत. आजही इन्शुरन्स नसलेला माणूस हॉस्पिटलचं बिल घेऊन येतो, आणि व्हॉलंटियर शेजारी बसून पगाराच्या स्लिपा जोडून सवलतीचा फॉर्म भरून घेते, कारण ना-नफा हॉस्पिटलला २०१०च्या कायद्यानं बिलात सवलत देण्याचं धोरण ठेवावंच लागतं, पण बिल बघून घाबरलेल्याला हे कुठं माहीत असतं! इन्सुलिन फुकट किंवा स्वस्तात मिळावं म्हणून औषध कंपनीकडे करायचा अर्ज, तोही बऱ्याचदा हेच लोक करून देतात. हां, मोठं ऑपरेशन मात्र तिथं होत नाही, त्यासाठी पुढं पाठवतात.