मदतनीस तोच, समोरचे कागद वेगळे

"तू जगातला सर्वांत हुशार प्रोग्रामर आहेस, तुला वीस वर्षांचा अनुभव आहे, चूक करू नकोस." अशा वाक्यांच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. प्रश्नाच्या आधी हे चिकटवलं की एआय तज्ज्ञ होतो म्हणे. मला या याद्यांचा राग येतो. सॉफ्टवेअरच्या कामासाठी खास मदतनीस घडवणं ही खरोखर शिकण्यासारखी गोष्ट आहे, आणि तिचं मर्म या मंत्रांत अजिबात नाही.

अँथ्रॉपिक कंपनीच्या क्लॉड कोडचं, म्हणजे कोड लिहायला-तपासायला मदत करणाऱ्या एआय साधनाचं, उदाहरण घेऊ. त्यात जुलै २०२५ पासून 'सबएजंट' बनवता येतात. सबएजंट म्हणजे मजकुराची एक साधी फाइल. वर त्याचं नाव, त्याला केव्हा बोलवायचं याचं वर्णन आणि कोणती साधनं वापरायची मुभा आहे त्यांची यादी. खाली कामाच्या सूचना. कोड तपासणारा एक, टेस्ट चालवणारा दुसरा, बग शोधणारा तिसरा, अशा तीन फाइली केल्या तरी तिघांच्या मागे एआय मॉडेल एकच असू शकतं. प्रशिक्षणात ठरलेले त्याच्या आतले आकडे या फाइलींमुळे तसूभरही हलत नाहीत. 'तज्ज्ञ' म्हटल्याने बोलण्याचा सूर बदलेल, ज्ञानात भर पडणार नाही.

मग फायदा कशाने होतो? प्रत्येक सबएजंटला स्वतःची कोरी कॉन्टेक्स्ट विंडो मिळते, त्याने. मॉडेलला आपलं आधीचं संभाषण 'आठवत' नसतं. दर वेळी तो सगळा मजकूर नव्याने त्याच्यापुढे मांडला जातो. तो जिथे मांडतात ती जागा म्हणजे कॉन्टेक्स्ट विंडो.

ती कोरी असण्याला एवढं महत्त्व का, हे कळायला 'अटेन्शन', म्हणजे मॉडेल कुठल्या शब्दाकडे किती लक्ष देतं, ते समजून घ्यावं लागतं. आजच्या भाषा-मॉडेलांचा पाया असलेली ट्रान्सफॉर्मर रचना गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडली. मजकुराचे टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दांचे तुकडे, पाडले जातात. पुढचा टोकन ठरवताना मॉडेल मागच्या प्रत्येक टोकनाला 'तू आत्ता किती कामाचा?' या हिशेबाने गुण देतं. मग २.७१८ या स्थिरांकाचा त्या गुणाइतका घात काढून प्रत्येकाचा वाटा ठरतो. सगळ्या वाट्यांची बेरीज नेमकी १ असावी लागते. मला सगळ्यात आवडते ती हीच अट.

समजा, कामाच्या एका टोकनाला ५ गुण मिळाले आणि बाकीच्या निरुपयोगी टोकनांना ०. पाचवा घात साधारण १४८, शून्यावा घात १. निरुपयोगी टोकन १०० असतील, तर कामाच्या टोकनाचा वाटा २४८ पैकी १४८, म्हणजे जवळपास ६० टक्के. तेच निरुपयोगी टोकन १०,००० झाले की वाटा १०,१४८ पैकी १४८, जेमतेम दीड टक्का! टोकन तोच, गुणही तेच. भोवतीची गर्दी वाढली, एवढंच. खऱ्या मॉडेलात अटेन्शनचे अनेक थर असतात, प्रत्येक थरात असे गुण देणारी अनेक 'हेड' असतात आणि ती गर्दीतही गुणांचं अंतर वाढवायला शिकलेली असतात, त्यामुळे घसरण इतकी सरळ होत नाही. पण ओढ त्याच दिशेची असते. लांब मजकुराच्या सुरुवातीची आणि शेवटची माहिती मॉडेलं नीट वापरतात आणि मधली हातची सुटते, असं २०२३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

आता टेस्ट चालवणारा सबएजंट डोळ्यांपुढे आणा. टेस्टचा लॉग, म्हणजे ती चालताना झालेल्या नोंदी, हजारो ओळींचा आणि त्यात कामाच्या ओळी चार. तो ढीग सबएजंट स्वतःच्या विंडोत उपसतो आणि मुख्य संभाषणात फक्त 'अमुक फाइल, अमुक ओळ, अमुक कारण' एवढंच परत येतं. याची किंमतही आहे: मुख्य संभाषणात तासभर काय ठरलं, हे सबएजंटला ठाऊक नसतं. काम सोपवताना ते सांगितलं नाही, तर तो भलतंच दुरुस्त करत बसेल.

दुसरी गोष्ट साधनांच्या यादीची. संगणक-सुरक्षेचे अभ्यासक सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की प्रत्येक प्रोग्रामला कामापुरतेच अधिकार द्यावेत. कोड तपासणाऱ्याला 'फाइल बदलू नकोस' असं सांगणं ही विनंती झाली. बदलण्याचं साधनच न देणं हा बंदोबस्त. क्लॉड कोडमध्ये ही यादी लिहायचीच राहिली, तर सबएजंटला मुख्य संभाषणाची सगळी साधनं मिळतात. आणि वाचण्याच्या साधनांसोबत टर्मिनलही, म्हणजे संगणकाला थेट आज्ञा देण्याची सोय, दिलं, तर त्यातून फाइल बदलता येतेच. मग बंदोबस्ताला अर्थ उरत नाही.

सूचना लिहितानाही विशेषणांवर ओळी खर्च करू नयेत. 'उत्कृष्ट तपासणी कर' यातून मॉडेलला काहीच हाती लागत नाही. 'डेटाबेसच्या क्वेरीत वापरकर्त्याचा मजकूर थेट जोडलाय का ते बघ. सापडल्यास फाइल आणि ओळ क्रमांक दे. काही सापडलं नाही तर तसं स्पष्ट लिही' यातून लागतं. शेवटचा भाग फार मोलाचा आहे, कारण रिकाम्या हाताने परतायची मुभा नसेल तर मॉडेल नसलेले दोषही काढून दाखवतं.

फाइल जमली की नाही, हे पाहायला प्रोजेक्टमधला पूर्वी दुरुस्त झालेला एखादा बग निवडा. दुरुस्तीच्या आधीचा कोड सबएजंटला तीनदा, दर वेळी कोऱ्या विंडोत, तपासायला द्या. तिन्ही वेळा तो बग सापडला, तर मगच त्याला आजचा कोड दाखवा.