गिअर करकरला म्हणजे गिअरबॉक्स गेला?

जुन्या मॅन्युअल स्पोर्ट्स कारबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: गिअर टाकताना कर्रर्र आवाज आला की गिअरबॉक्स खोलावाच लागणार. आवाज तिथूनच येतो, त्यामुळे संशय तिकडे जाणं साहजिक आहे. पण कारण बऱ्याचदा दुसरीकडे असतं.

ब्रिटिश एमजीबी घ्या. १९६२ ते १९६७ च्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेशच (गिअर जुळण्याआधी दोन्ही भागांचा वेग सारखा करणारी यंत्रणा) नव्हता. गाडी सरकत असताना पहिला टाकला तर दात करकरणारच. ती रचना आहे, बिघाड नाही. पूर्ण थांबून टाका, किंवा डबल क्लच करा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, मग पुन्हा क्लच दाबून गिअर.

बाकी वेळी आधी क्लच तपासा. गाडी उभी, इंजिन आयडलवर. क्लच पूर्ण दाबून पाचेक सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. त्यालाही सिंक्रो नाही, म्हणून तो खरं सांगतो. करकरला, तर क्लच नीट सुटत नाहीये. क्लचच्या हायड्रॉलिकमधली (द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या यंत्रणेतली) हवा, गळती बघा. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही.

रिव्हर्स गुपचूप पडला, पण चालत्या गाडीत फक्त दुसराच करकरतो? मग त्याची सिंक्रो रिंग झिजली असावी, आणि तिथे मात्र गिअरबॉक्स उघडावा लागतो.