हिंगणाचा फेस: एका कडू फळाची पार्श्वभूमी

हिंगणघाट, हिंगणा, हिंगणी ही नावं विदर्भाच्या नकाशावर ठळक आहेत. ती ज्या झाडाची आठवण देतात, ते हिंगण मात्र धुऱ्यावर आता शोधावं लागतं.

हे झाड सहारा आणि अरबस्तानच्या रखरखीत पट्ट्यातही वाढतं. सुदानमध्ये उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या चिकणमातीत ते सुखानं उभं असतं, त्यामुळे वऱ्हाडच्या कपाशीच्या रानात ते परकं वाटत नाही. संस्कृतातली इंगुदी ती हीच. कुश टोचून पाडसाच्या तोंडाला झालेली जखम भरावी म्हणून कालिदासाची शकुंतला इंगुदीचंच तेल लावते. बीच्या गाभ्यात जवळपास निम्मं तेल असतं, त्यात मुख्यतः लिनोलेइक आणि ओलेइक आम्ल.

खरी गंमत फळाच्या गराची आहे. पाण्यात चोळला की फेस येतो. साबण महाग होता तेव्हा रेशमी आणि लोकरी कपडे यानंच धुतले जात. हा फेस सॅपोनिनचा. त्याच्या रेणूतला साखरेचा भाग पाण्याला धरतो, स्टेरॉइडचा सांगाडा तेलकट मळाला. हेच द्रव्य माशांना आणि गोगलगायींना मारक ठरतं. म्हणून १९३३ मध्ये संशोधक आर्चिबाल्ड यांनी सुदानात बिल्हार्झिया हा कृमींमुळे होणारा रोग पसरवणाऱ्या गोगलगायींवर हिंगणाचं फळ सुचवलं होतं.

सॅपोनिनमधली साखर सुटली की उरतो तो स्टेरॉइडचा सांगाडा, म्हणजे डायोस्जेनिन. जपानी रसायनज्ञांनी १९३६ मध्ये ते एका रानकंदातून वेगळं केलं. पुढे अमेरिकन रसायनज्ञ रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतल्या कंदांतल्या डायोस्जेनिनपासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवलं. १९४४ मध्ये तिथे सिन्टेक्स कंपनी उभी राहिली आणि १९५१ मध्ये तिच्या प्रयोगशाळेत नोरेथिस्टेरॉन हे कृत्रिम संप्रेरक तयार झालं, जे पुढे गर्भनिरोधक गोळ्यांत वापरलं गेलं. कारखान्यांना माल कंदांनी पुरवला, पण तोच सांगाडा आपल्या हिंगणाच्या फळातही आहे. हे कळल्यापासून धुऱ्यावरचं हिंगण तोडलेलं पाहिलं की मला फार वाईट वाटतं.

जंतांवर आणि पोट साफ व्हायला गर देण्याची रीत जुनी. जास्त झाला तर जुलाब होतात, हे लक्षात ठेवायला हवं. रक्तातली साखर कमी झाल्याचं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. तेवढ्यावरून मधुमेहाची गोळी कोणी बंद करू नये.

निंदताना पायात रुततो म्हणून आपण उपटून फेकतो तो सराटा, म्हणजे गोखरू, याच कुळातला. त्यातही स्टेरॉइडी सॅपोनिनच आहेत.