ग्लिप्टोडॉन

आर्माडिलो या अमेरिकेतील कवचधारी सस्तन प्राण्याच्या गणातील (सिंग्युलेटा) निर्वंश झालेली प्रचंड, चिलखती सस्तन प्राण्यांची प्रजाती (जीनस). अर्जेंटिनातील पँपास मैदान, उरुग्वे व ब्राझील येथील प्लाइस्टोसीन (सु. २६ लाख ते सु. ११,७०० वर्षांपूर्वीच्या) थरांत तिचे जीवाश्म सापडतात. लांबी सु. ३ मी., वजन एक टनाहून अधिक. सह्याद्रीतील खवल्या मांजराशी तिचे नाते नाही; त्याचे खवले केराटिनाचे (नखांतील द्रव्याचे) असतात, तर ग्लिप्टोडॉनचे कवच अस्सल हाडाचे होते.

हे कवच हजाराहून अधिक जाड, बहुकोनी अस्थिचकत्यांचे होते. प्रत्येक चकतीच्या मध्यभागी सपाट उंचवटा व त्याभोवती खोबणीने विलग झालेले लहान उंचवटे अशी फुलासारखी नक्षी दिसते. चकतीचा एखादा तुकडा हाती आला तरी प्रजाती बहुधा ओळखता येते, ती या नक्षीवरून. आर्माडिलोच्या पाठीवरचे हलते पट्टे येथे नाहीत, त्यामुळे शरीराची गुंडाळी करणे अशक्य होते. एवढा भार पेलण्यासाठी पाठीचे मणके जुळून एकसंध झाले होते. मानेचा शेवटचा मणका पाठीच्या पहिल्या दोन मणक्यांशी सांधला जाऊन तयार झालेल्या हाडाचे इंग्रज जीववैज्ञानिक टॉमस हक्सली यांनी १८६५ मध्ये केलेले वर्णन आजही मुळातून वाचण्याजोगे आहे. शेपटीवर अस्थींची कडी होती. चित्रांतून दिसणारी काटेरी गदेसारखी शेपटी मात्र डीडिक्युरस या निकटच्या प्रजातीची होय.

कवच कोणाचे, हा वाद दीर्घकाळ चालला. उरुग्वेचे धर्मगुरू व निसर्गवैज्ञानिक दामासो अंतोनियो लार्रान्यागा यांच्या माहितीचा उल्लेख फ्रेंच जीवाश्मवैज्ञानिक जॉर्ज क्यूव्ह्ये यांनी १८२३ मध्ये केला, तेव्हा ते मेगॅथेरियम या महाकाय भूस्लॉथचे (जमिनीवर वावरणाऱ्या, आता निर्वंश झालेल्या स्लॉथचे) मानले गेले. चार्ल्स डार्विन यांनीही दक्षिण अमेरिकेत सापडलेल्या चकत्या आरंभी त्याच्याच समजल्या होत्या. इंग्रज शरीररचनावैज्ञानिक रिचर्ड ओवेन यांनी १८३९ मध्ये स्वतंत्र प्रजाती स्थापून हा गोंधळ बव्हंशी मिटविला. उभ्या खोबणींमुळे तीन पाळ्यांत विभागलेले दात हा त्यांचा महत्त्वाचा पुरावा. एनॅमल (दातावरील कठीण लेप) नसलेले हे दात आयुष्यभर वाढत; आहार वनस्पतींचा होता.

वर्गीकरणात ग्लिप्टोडॉन्टिडी हे वेगळे कुल दीर्घकाळ रूढ होते. तथापि २०१६ मध्ये डीडिक्युरसच्या सु. १२,००० वर्षांपूर्वीच्या अवशेषांतून मिळालेल्या डीएनएवरून हा गट आर्माडिलोंच्याच वंशवृक्षात मोडतो, असे दिसून आले. गुलाबी परी-आर्माडिलो व त्रिपट्टी आर्माडिलो त्याला नऊपट्टी आर्माडिलोपेक्षा जवळचे ठरतात. शाखा फुटण्याचा काळ सु. ३.५ कोटी वर्षांपूर्वीचा असावा. कुलाऐवजी उपकुल मानण्याचा अलीकडचा कल त्यामुळे अधिक सयुक्तिक वाटतो.

प्लाइस्टोसीनच्या अखेरीस हा गट नष्ट झाला. हवामानबदल व मानवी शिकार ही कारणे सांगितली जातात. त्यांचा परस्पर वाटा निश्चित नाही. ब्यूनस आयर्सजवळ रेकोन्किस्ता नदीकाठी सापडलेल्या निओस्क्लेरोकॅलिप्टस या नातलग प्रजातीच्या हाडांवर हत्याराने कापल्याच्या खुणा असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा काळ सु. २१,००० वर्षांपूर्वीचा दिला असून, तो ग्राह्य धरल्यास या प्राण्यांचे व माणसाचे सहअस्तित्व काही हजार वर्षांचे ठरते.